सरड्याच्या पाठीवरून परत

गाडीतळावर सॅक उघडून जॅकेट बाहेर काढलं, तर ते माझ्या मुलीचं निघालं. जांभळं, खिशावर पांढरी फुलं. मोटेलच्या दारामागे एकाच खुंटीला आमची दोघांची जॅकेटं टांगलेली होती आणि पहाटे कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता मी हाताला लागलं ते कोंबलं होतं. अंगात घालून पाहिलं. बाह्या कोपराच्या जरा पुढे येऊन थांबल्या. चेन पोटापर्यंत आली आणि तिथे तिने माझ्या पन्नाशीपुढे हात टेकले.

आदल्या संध्याकाळी ह्याच सॅकवर मी प्रवचन दिलं होतं. वेलिंग्टनच्या एका ट्रॅम्पिंग, म्हणजे इथल्या ट्रेकिंगच्या, क्लबात मी मागे डोंगरसुरक्षेचा कोर्स केला. तेव्हापासून कुणी नुसतं 'डोंगर' म्हटलं तरी माझ्यातला मास्तर जागा होतो. मोटेलच्या पलंगावर बसून मी सांगत होतो: हवामानाचा अंदाज निघायच्या आधी पुन्हा बघायचा, कुठून जाणार आणि कधी परतणार हे खाली कुणालातरी सांगून जायचं, संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारा बीकन खिशात ठेवायचा, गरम आणि वारा अडवणारे कपडे वेगवेगळे घ्यायचे. ऐकायला होते माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं वय साठीच्या पुढे आणि त्यातली चाळीसेक वर्षं सह्याद्रीत गेलेली. पुण्यात त्यांचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. मी कोर्समध्ये शिकलो ते सगळं त्यांच्या बुटांच्या तळव्यांना पाठ होतं, असं त्यांचं मत.

जॅकेटकडे पाहून ते म्हणाले, "शोभतंय, जावईबापू. रंग खुलतोय तुमचा."

माझ्याच प्रवचनाप्रमाणे आम्ही तिथूनच परतायला हवं होतं. पण आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, तारानाकी ह्या झोपलेल्या ज्वालामुखीचा सुळका समोर उभा होता, आणि मेहुणे बुटांच्या नाड्या बांधून तयार होते. मी आत एकावर एक दोन स्वेटर चढवले, वरून मुलीचं जॅकेट उघडंच ठेवलं आणि निघालो.

आता हे मेहुणे म्हणजे आमच्या घरात काय चीज आहे, ते सांगायला हवं. माझे सासरे लवकर गेले, सासूबाईही पाचसहा वर्षांपूर्वी गेल्या. बायकोचं माहेर म्हणून जे काही उरलं, ते हा एक माणूस, त्याची बायको आणि त्यांचा कोथरूडचा फ्लॅट. लहानपणी तिला पहिल्यांदा किल्ल्यावर नेलं ते ह्यांनीच, अर्धी वाट खांद्यावर घेऊन. ती त्यांना दादा म्हणते, तिचं बघून मीही दादाच म्हणतो. लग्नात कानपिळीच्या वेळी त्यांनी माझा कान असा पिळला, की अल्बममधल्या त्या फोटोत माझं तोंड आजही वाकडं आहे. बहिणीला नीट सांभाळ, ह्याची आठवण म्हणून नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, हा बायकोच्या भावाचा हक्क. त्यांनी तो मनापासून बजावला होता.

ते न्यूझीलंडला पहिल्यांदाच आले होते, एकटेच. परत गेल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. डॉक्टरांनी नंतर फिरा म्हणून सांगितलं होतं, पण चढू नका म्हणूनही सांगितलं होतं. म्हणजे हा शेवटचा मोठा डोंगर, हे त्यांनीच विमानातून उतरल्या उतरल्या जाहीर केलं. बायको त्या आठवड्यात लहान मुलीसारखी झाली होती. दादाला हे आवडतं, दादाला ते दाखवू. वेलिंग्टनहून निघायच्या आदल्या रात्री ती मला स्वयंपाकघरात एकटं गाठून म्हणाली, "त्याला जपून ने, आणि त्याला जपतोयस असं दाखवू नकोस." दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते तिने सांगितलं नाही.

गाडीतच ठरलं होतं. दादा म्हणाले होते, "तुमचा देश, तुमचा डोंगर. तुम्ही लीडर. तुम्ही म्हणाल तिथून मागे." आणि त्यांच्या ग्रुपचा नियमही सांगितला: लीडर एकच असतो आणि डोंगरावर त्याच्याशी वाद घालायचा नाही, जे भांडायचं ते खाली चहाच्या टपरीवर. मी खूश झालो. मागे वळायची वेळ ठरवली, दुपारी एक, माथा आला असो वा नसो. दादांनी मान डोलावली.

जावयाचा मान म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. जावयाला पहिलं ताट, बसायला चौरंग, अधिक महिन्यात चांदीच्या वाटीत अनारसे. सगळे त्याला विचारतात, 'काय जावईबापू, बरोबर ना?' आणि तो तोंडातला घास गिळून 'हो' म्हणतो. त्याने 'नाही' म्हणायची सोय त्या मानात केलेलीच नसते. मला लीडर केलं ते ह्याच चालीवर. मी मात्र ते खरं धरून चाललो.

सुरुवातीची वाट रुंद आणि रटाळ आहे, गाडी जाईल अशी. मग एक टॉवर, त्याच्या पुढे लाकडी पायऱ्या, न संपणाऱ्या. दादा माझ्या पुढे होते. मी मागून धापा टाकत होतो आणि फुलांच्या खिशातला बीकन माझ्या बरगडीला टोचत होता. ते अधूनमधून थांबत, माझ्यासाठी थांबल्यासारखं दाखवत. मी पोचेपर्यंत गुडघ्यावरचा हात काढून घेत. मी तो हात पाहिला. न पाहिल्यासारखं केलं. जपतोय असं दाखवायचं नव्हतं ना.

पायऱ्या संपल्या की घसारा लागतो. राखेचा, बारीक दगडांचा. पाऊल टाकावं आणि अर्धं परत खाली यावं. दादांना घसाऱ्याची सवय होती, पण सह्याद्रीतला घसारा कुठेतरी संपतो, मग कातळ लागतो, टाकं लागतं, गुहा लागते. इथे वर पाहिलं की तोच उतार आभाळात घुसलेला. खाली पाहिलं की जंगलाचा गोल, त्याच्याबाहेर हिरवी कुरणं आणि मग समुद्र. आडोसा कुठे नाही. एक झुडूप नाही. दादा म्हणाले, "डोंगर कसला, ढीग आहे हा." पण आवाजात आदर होता, तो मला ऐकू आला. 

मध्येच बसून आम्ही मेथीचे धपाटे खाल्ले. मी त्यांना सांगितलं, की हा डोंगर इथल्या माओरी लोकांचा पूर्वज आहे. अगदी शेवटच्या खडकावर पाय देऊ नका, तिथे खाऊपिऊ नका, अशी त्यांची विनंती असते. मला वाटलं दादा काहीतरी टोमणा मारतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. देवळाच्या कळसावर कोण चढतं? मी खालीच उभा राहून हात जोडीन." आणि धपाट्याचा तुकडा परत डब्यात ठेवून डबा बंद केला. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना झेंडा लावायचा नव्हता, फोटोही नको होता. जवळ जाऊन फक्त हात जोडायचे होते.

घसाऱ्यानंतर खडकाळ धार सुरू होते. तिला इथले लोक सरडा म्हणतात. हातापायांचे तीन टेकू घट्ट असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, प्रत्येक दगड आधी हाताने ठोकून बघायचा, आणि वर कुणी असेल तर त्याच्या सरळ खाली थांबायचं नाही. कडेला दोन्ही बाजूंनी उतार असा सुटतो, की एकदा घसरलेला माणूस थांबेल अशी जागा डोळ्यांना सापडत नाही. अपघात बहुतेक उतरताना होतात, हेही कोर्समध्ये सांगितलं होतं: पाय थकलेले असतात आणि मन खाली गाडीत जाऊन बसलेलं असतं.

धारेच्या मध्यावर वारा सुरू झाला. अंदाजात तो दुपारनंतर होता, जरा लवकर आला. समुद्राच्या बाजूने ढगाची एक पांढरी जीभ वर सरकू लागली. घड्याळ बघितलं. एक वाजून गेला होता. मी म्हटलं, "दादा, वेळ झाली." त्यांनी ऐकलं नाही, किंवा वाऱ्यात ऐकू आलं नसेल. मी पुन्हा ओरडलो. ते वळले, हसले, आणि हाताने वर दाखवलं. माथ्यावरच्या विवराची कड दिसत होती, अगदी समोर, हात लांबवला तर लागेल अशी. डोंगरात समोरची गोष्ट नेहमीच तशी दिसते.

त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आणि त्यांची टोपी उडाली. ग्रुपची जुनी खाकी टोपी. ती पकडायला त्यांनी धरलेला दगड सोडला, आणि दुखऱ्या पायावर सगळा भार गेला. पाय थरथरला. मग त्यांनी दगड पुन्हा धरला. सगळं मिळून एक श्वास घ्यायलाही वेळ लागला नसेल. टोपी उताराच्या बाहेर गेली, थोडी वर उचलली गेली आणि मग दिसेनाशी झाली. खाली पडताना दिसली नाही, नुसती नाहीशी झाली.

दादा मोठ्याने हसले. म्हणाले, "गेली देवाला. चला, दहा मिनिटं फक्त."

"नाही दादा. इथून मागे."

"अहो, दहा मिनिटं."

"वर जायला दहा. उतरायला तुमचा हा गुडघा आहे."

गुडघ्याचं मी बोलायला नको होतं. ते माझ्याकडे न बघता वळले आणि पुढच्या दगडाला हात घातला. आणि मी त्यांच्या सॅकचा पट्टा धरला.

धरला म्हणजे ओढला. मला वाटलं हलकेच ओढला, पण थंडीने हात बधिर झाले होते. ते मागे आले, तोल सावरायला खाली बसले, दगडावर, दण्णकन. वरून एक तरुण जोडपं उतरत होतं, इथलंच. ती पोरगी आमच्यापाशी थांबली, ढगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुड कॉल." मग दादांना विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, हात देऊ का. आजोबांना विचारावं तसं.

दादांनी हात घेतला नाही. स्वतःच उठले. मळ झटकला. आणि उतरायला लागले, माझ्या पुढे. प्रत्येक दगड ठोकून. माझ्यापेक्षा कितीतरी नीट उतरले ते. घसाऱ्यावर मी दोनदा बसून घसरलो, जॅकेटची शिवण काखेत उसवली. त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळ्यांत राख गेली म्हणून असेल किंवा कशाने असेल, मला खाली उतरेपर्यंत समोरचं नीट दिसत नव्हतं.

खरी थट्टा खाली होती. ढगाची जीभ डोंगराला वळसा घालून पलीकडे निघून गेली. आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा माथा सोन्यासारखा झळकत होता. वाराही पडला होता. गाडीतळावर लोक फोटो काढत होते. दादा गाडीत बसले, काच खाली केली आणि बराच वेळ वर बघत राहिले.

"स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले.

मी गाडी सुरू केली. पडलेला माणूस दाखवता येतो. न पडलेला कसा दाखवायचा? तो तर शेजारी बसून खिडकीतून बघत असतो, धडधाकट, पट्टा बांधून.

मोटेलवर मुलीने दार उघडलं, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स माय जॅकेट." बायकोने दादांचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला गेली. दादांनी तिला सांगितलं, वारा सुटला, परत आलो. एवढंच. मला क्षणभर वाटलं, खाली चहाच्या टपरीवर भांडायचा त्यांचा नियम ते पाळतील, चार शिव्या घालतील, मी चार खाईन आणि मिटेल. पण तो नियम ग्रुपमधल्या मुलांसाठी असणार. जावयाशी भांडत नाहीत. जावयाचा मान असतो.

पुढच्या शनिवारी वेलिंग्टनमध्ये ओळखीच्यांकडे जेवण होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन जायचा. पुण्यामुंबईची सगळी मंडळी, निम्मी आयटीतली, निम्मी शिकायला येऊन राहिलेली. कुणीतरी दादांना डोंगराचं विचारलं. दादा गोष्ट सांगण्यात पटाईत. त्यांनी जांभळ्या जॅकेटपासून सुरुवात केली. बाह्या कुठपर्यंत आल्या, चेन कुठे थांबली, सगळं हाताने दाखवून. लोक हसून लोळले. मीही हसलो; गोष्ट खरंच चांगली होती आणि निम्मी मीच त्यांना पुरवली होती. मग ते म्हणाले, "माथा हाताशी आला आणि आमच्या जावईबापूंना थंडी वाजायला लागली. दात असे. मी म्हटलं, अहो दहा मिनिटं. पण मुलीच्या जॅकेटात किती ऊब असणार? लग्नात मी कान पिळला होता, त्याचं उट्टं काढलं, माझी सॅक धरून खाली ओढलं."

गुडघा नव्हता त्या गोष्टीत. टोपी होती, पण ती आधीच उडाली होती, घसाऱ्यावर, गंमत म्हणून. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, पुढच्या वेळी ब्लँकेट घेऊन जा."

मी बोललो असतो. गुडघा कसा थरथरला, हात कसा सुटला, हे सगळं. पण थंडी वाजत होतीच ना. दात वाजत होतेच. चुकीचं जॅकेट घालून गेलेल्या माणसाच्या सुरक्षेच्या गप्पा कोण ऐकणार? शिवाय टेबलापलीकडे बायको उभी होती, हातात कोशिंबिरीचं भांडं. ती हसत नव्हती. तिने नको म्हणून मान हलवली, अगदी किंचित. मी पुन्हा ताटात पाहिलं आणि तोंडातला घास गिळला.

दादा ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी गेले. ग्रुपच्या कुणाचं तरी काम निघालं, असं सांगितलं. विमानतळावर बहिणीला जवळ घेतलं, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, मला नमस्कार केला. नमस्कार, हात जोडून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर फोन कमी झाले. बायको करायची, ते उचलायचे, हवा कशी आहे विचारायचे. भांडण झालं असतं तर ते मिटवता आलं असतं. हवेवर काय बोलणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते आम्हाला तिच्या मावसबहिणीच्या बोलण्यातून कळलं. 'अगं, तुला माहीतच असेल म्हणून,' असं म्हणून ती पुढे बोलत राहिली आणि बायको 'हो, हो' म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने वहिनीला लावला. वहिनी म्हणाली, तुम्हाला तिकडे उगाच काळजी नको म्हणून कळवलं नाही, असं हे म्हणाले. बायको म्हणाली, बरं केलंत. मग तिने बराच वेळ कपाट आवरलं.

भाऊबीज आमच्याकडे दरवर्षी टॅबलेटवर व्हायची. त्यांची सकाळ, आमची दुपार उतरणीला. पाटावर टॅबलेट उभा करायचा, त्यामागे तांब्या टेकू म्हणून. तिकडे दादा टोपी घालून बसायचे, इकडे ही तबक घेऊन ओवाळायची आणि शेवटी पडद्यावरच कुंकू लावायची. मुलगी दरवर्षी ओरडायची, की माझा टॅबलेट खराब होतो, आणि मग ओल्या कपड्याने तो पुसायची. ह्या वर्षी बायकोने पाट मांडला, निरांजन लावलं. फोन लागला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. थोड्या वेळाने घरच्या ग्रुपवर निरांजनाचं एक तयार चित्र आलं, सगळ्या बहिणींना एकत्र, खाली 'सुखी राहा'. चुलत बहिणींनी त्यावर पटापट बदाम टाकले. बायकोनेही टाकला.

मुलगी सोफ्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, "इज मामा मॅड ॲट अस?" बायको म्हणाली, नाही गं, कामात असेल. मुलगी कपडा घेऊन उठली होती, टॅबलेट पुसायला. तो स्वच्छच होता. ती कपडा तसाच हातात घेऊन वर निघून गेली.

मी पाटाजवळ जाऊन बसलो. म्हटलं, मी दादांना फोन करतो. स्वतः. माफी मागतो. पट्टा धरायला नको होता म्हणतो, गुडघ्याचं बोलायला नको होतं म्हणतो. घाबरलो होतो म्हणतो, हवं तर थंडी वाजली म्हणतो. त्यांना जे ऐकायचं असेल ते.

बायकोने निरांजन उचललं. फुंकर घातली नाही, आमच्यात घालत नाहीत; फुलाने वात तुपात ढकलली आणि धूर वर जाईपर्यंत बघत राहिली.

"माफी नको मागूस," ती म्हणाली. "मागितलीस की त्याची खात्रीच पटेल, वर जाता आलं असतं म्हणून."

मी म्हटलं, अगं पण मी तिथे जे केलं ते...

"बरोबर केलंस. माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्यावर धड चिडताही येत नाही."